मंदीत सरकारनंही हात आखडायचा का? (हुरड्यावरून पेटलेलं भांडण)

शिलाईवाला (धागाकर्ता)

रविवारी मंगळवेढ्याजवळ साडूच्या रानात हुरड्याला गेलो होतो. हुरडा झकास, शेंगा चटणी घरची. पण आगटीभोवती भांडण लागलं. पुण्याहून मेहुणा आलेला. आयटीत आहे, मोबाईलवर अर्थशास्त्राचे व्हिडिओ बघतो. म्हणाला, "दाजी, पगार कमी झाला की घरात आपण काय करतो? हॉटेल बंद, नवी गाडी बंद. मग मंदीत सरकारनं तेच का नाही करायचं? आपल्यासारख्या गरीब देशाला तर उधळपट्टी परवडतच नाही."

माझं म्हणणं उलटं, कारण मी ते भोगलंय. गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे माझं, १८ मशिनी. २०२० च्या फेब्रुवारीत वसतिगृहाच्या पोरांचे गणवेश शिवून पोच केले. काम ठेकेदाराकडून आलेलं, मूळ ऑर्डर सरकारी. मग लॉकडाऊन लागला. ४ मे २०२० ला राज्य सरकारचा निर्णय आला: विकासाच्या योजनांवर त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च, नवी बांधकामं नाहीत, आरोग्यासारखी दोन-चार खाती सोडून नवी भरती नाही. टीव्हीवर सगळे म्हणाले, शहाणपणा केला. ठेकेदार म्हणाला, वरून आले की देतो. वरून यायला १४ महिने लागले. तोवर सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज मी भरलं. कटिंग मास्तर गावाकडे गेला तो परत आलाच नाही, आता तिकडं दूध घालतो.

मेहुण्याला उत्तर द्यायचंय. विकसनशील देशानं मंदीत सरकारी खर्च कमी करावा का? अनुभव, आकडे, शिव्या, सगळं चालेल. (शिव्या मेहुण्याला. मला नको.)

कडक_भाकरी

हुरड्याचा फोटो न टाकता धागा काढल्याबद्दल तीव्र निषेध.

धोटा

मेहुण्याला एकदा सोलापूरच्या पूर्व भागात आणा. तासाभरात समजावतो.

आमचे टॉवेलचे लूम आहेत. समजा गिऱ्हाईक कमी झालं म्हणून मी आठातले चार लूम बंद ठेवले. माझ्यापुरतं शहाणपणच. पण त्या चार लूमवरचा कामगार शनिवारी पगार घेऊन शेजारच्या किराणावाल्याकडं जायचा. कांडी भरणाऱ्या दोन बायका भिशी भरायच्या. किराणावाला दिवाळीला माझ्याच टॉवेलचा गठ्ठा घ्यायचा. सगळ्या गल्लीनं एकाच महिन्यात शहाणपणा केला की सगळी गल्ली उपाशी. घरात तुम्ही खर्च कमी केला तर तुमचा पगार त्यानं कमी होत नाही, कारण पगार देणारा दुसरा कुणीतरी आहे. सरकारचं तसं नाही. सरकारचा खर्च म्हणजे कुणाचा तरी गल्ला, आणि त्या गल्ल्यातूनच सरकारचा कर येतो. खर्च कापला की धंदा पडतो, धंदा पडला की जीएसटी पडतो, मग तूट आहे तिथंच. वर आणि माणसं रिकामी.

तिखटजाळ

काय बे धोटा, एवढं कळतं तर सूत स्वस्त असताना का नाही घेऊन ठेवलास?

धोटा

@तिखटजाळ अक्कल आहे, सीसी नाही.

हिशोबनीस

धोटाशेठनी चांगलं मांडलं, पण अर्धंच. मी होटगी रोडला बसून लोकांचे ताळेबंद बघतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

गल्ली सगळी आपलीच असेल तर ते चक्र फिरतं. विकसनशील देशाची गल्ली फुटकी असते. सरकारनं शंभर रुपये टाकले की त्यातले काही तेलाला जातात, काही खाद्यतेलाला, काही चिनी मोबाईलला. म्हणजे पैसा टाकला इथं आणि धंदा वाढला भलतीकडं. कर्ज आधीच जास्त असलेल्या, बाहेरच्या व्यापाराला मोकळ्या असलेल्या देशांत सरकारी खर्चाचा परिणाम फार कमी उरतो, असं अभ्यासातही दिसलेलं आहे. दुसरं म्हणजे अमेरिका कर्ज काढते ते स्वतःच्या डॉलरमध्ये. आपल्यासारख्यांना बाहेरून घ्यायचं तर डॉलर लागतो, आणि डॉलर काही नाशिकला छापता येत नाही.

१९९१ आठवा. केंद्राची वित्तीय तूट (उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च) जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या वर गेलेली, परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी. जुलैत सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला त्यात तूट एका वर्षात साडेसहा टक्क्यांवर आणायची ठरवली आणि खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. ओरड झाली म्हणून ती वाढ ३० वर आणावी लागली. त्या वर्षी विकासदर जेमतेम एक-सव्वा टक्का होता. म्हणजे मंदीसदृश स्थितीतच कपात केली. दुसरा रस्ता होता कुठं?

उलट उदाहरणही घ्या. २००८ च्या जागतिक मंदीत आपण कर सवलती दिल्या, खर्च वाढवला. पडलो नाही, बरोबर. पण ते औषध वेळेवर बंद केलं नाही. पुढची तीन-चार वर्षं महागाई दोन आकड्यांच्या आसपास आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर. तेव्हा मेहुणा अगदीच चुकीचा नाही. त्यानं दिलेलं घराचं उदाहरण मात्र चुकीचं आहे.

शिलाईवाला

हिशोबनीस साहेब, तुम्ही माझ्या बाजूनं आहात की मेहुण्याच्या?

हिशोबनीस

मी फी देईल त्याच्या बाजूनं.

मिलचा_नातू

१९९१ चा विषय निघालाच आहे तर. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलला होते. सोलापुरात सवय अशी की गिरण्या गेल्या ते सगळं ९१ च्या माथी मारायचं. 'जुनी मिल' नावाची गिरणी त्याच्या कितीतरी आधी बंद पडली होती हे कुणी सांगत नाही. जुनाट यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, मालकांनी नफा बाहेर नेणं, बरंच काही. त्यामुळे ते रडगाणं इथं नको.

पण एक सांगतो. गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा बेकार भत्ता नावाचं काही नव्हतं, आजही सगळ्यांना आपोआप मिळेल असं काही नाही. मंदी आली की युरोपात बेकारांना आपोआप पैसे जायला लागतात, संसदेत भांडावं लागत नाही. आपल्याकडं माणूस आपोआप फक्त रिक्षा घेतो. आणि घरातली बाई विड्या वळायला बसते. सोलापुरातल्या मंदीचा हिशोब तुम्हाला कुठल्या कागदावर मिळणार नाही, तो विड्यांच्या सुपात मिळेल.

पाणी_कधी_येणार

विषयांतराबद्दल क्षमस्व. विजापूर रोडला आज पाणी आलं का?

कडक_भाकरी

खर्चकपातीचाच भाग समजा. चार दिवसांआड अंघोळ, राजकोषीय शिस्त.

सांगोल्याची_सून

मी एरवी फक्त वाचते. आज राहवलं नाही.

माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या. मोठे दीर तेव्हा पोटात. त्या सांगतात, सकाळी हातोडा घ्यायचा, दिवसभर ढिगाऱ्यावर, दुपारी सुकडी. मिलोची (परदेशी ज्वारीची) लाल भाकरी त्यांना अजून आठवते, घशाखाली उतरायची नाही म्हणतात. आमच्याकडचे किती पाझर तलाव, किती नालाबंडिंगची कामं त्या वर्षातली आहेत ते गावात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आता आकडा. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. शेती बुडालेली, म्हणजे राज्याचं उत्पन्नही बुडालेलं. मेहुण्यांच्या हिशोबानं तर ते साल काटकसरीचं. तसं केलं असतं तर आमचं सांगोला मुंबईच्या फुटपाथवर गेलं असतं. किती गेलेच, पण राहिले तेही पुष्कळ. आणि राहिले म्हणून पुढच्या पावसाला पेरणी झाली. नुसती मजुरी वाटली असं नाही, पेरणारा माणूस जागेवर ठेवला. याला खर्च म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

तिखटजाळ

ताई, तुमच्यासारख्यांनी लिहायला पाहिजे. इथं रोज आम्हीच बडबड करलालोय.

बंदा_रुपया

ताई, भावना समजल्या. पण त्या कामांत बोगस हजेरीपट किती होते तेही सासूबाईंना विचारा. खर्च करा म्हणणं सोपं आहे. मंदीच्या नावाखाली टेंडर निघतात, रस्ता एकच आणि तीनदा डांबर. गरीब देशात गळती जास्त, म्हणून खर्च कमी हाच गरिबांचा फायदा.

सांगोल्याची_सून

विचारलं. त्या म्हणाल्या, "मुकादम चोर होता. पण चोर होता म्हणून काम बंद करा असं आम्ही म्हणलो नव्हतो, मुकादम बदला म्हणलो होतो."

कडक_भाकरी

सासूबाईंना अर्थमंत्री करा.

आष्टीकाठ

सोलापूर जिल्ह्यात हा प्रयोग उलटाही करून झालाय, फार जुना. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. तेव्हा सरकार इंग्रजांचं. सर रिचर्ड टेंपल या साहेबानं १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात सढळ खर्च करून माणसं वाचवली होती. त्याबद्दल त्याला शाबासकी नाही, तर उधळ्या म्हणून बोल लागला. दोन-तीन वर्षांनी दक्षिणेतल्या दुष्काळावर देखरेखीला व्हाईसरॉय लॉर्ड लिटननं त्यालाच पाठवलं, खर्च आटोक्यात ठेवायच्या सूचनेसकट. गडी पुरता बदलला. मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणली. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला अर्धा किलोही नाही.

मुंबई इलाख्यात लोकांनी काय केलं? हजारो मजूर दुष्काळी कामं सोडून निघून गेले. पोटात अन्न नसताना संप. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी, सरकारला निवेदनामागून निवेदनं धाडली. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ ला, लिटनसाहेब दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करायचा दरबार भरवत होते. धान्य बंदरातून बाहेर जातच होतं.

काटकसर कुणाच्या ताटातून करायची हा प्रश्न तेव्हाही होता. दरबार कापला नाही, मजुराचं धान्य कापलं. मी हे नाव घेऊन लिहितोय कारण आमचा आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातल्या कामाचा आहे. लहानपणी तिथं पोहलोय, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

हिशोबनीस

उत्तम प्रतिसाद. मात्र ते परकं सरकार होतं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला एवढं निष्ठुर होता येत नाही.

आष्टीकाठ

होता येतं. अर्जेंटिनात निवडून आलेलंच सरकार होतं. तीन वर्षांची मंदी चालू असताना जुलै २००१ मध्ये त्यांनी शून्य तुटीचा कायदा केला आणि सरकारी पगार, पेन्शन १३ टक्क्यांनी कापले. मंदी आणखी खोल गेली, डिसेंबरात लोक भांडी वाजवत रस्त्यावर. दोन आठवड्यांत पाच राष्ट्राध्यक्ष झाले आणि कर्जही बुडवलंच. ज्याच्यासाठी कपात केली तेच झालं.

तिखटजाळ

भांडी आम्हीपण वाजवली २०२० ला. राष्ट्राध्यक्ष तोच राहिला.

भीमा_एक्सप्रेस

त्या पैशात लाडक्या बहिणींना १५०० देताय, आणि ठेकेदारांची बिलं

*(प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित.)*

संपादक मंडळ

पक्ष आणि पुढाऱ्यांची नावं घेऊन चाललेले ११ प्रतिसाद उडवले आहेत. अर्थकारणावर बोला. साखर कारखान्याची चिमणी आणि विमानतळ यांवर स्वतंत्र धागा आहे, तिथं ४०० प्रतिसाद झालेत, कृपया इथं नवीन चिमणी उभारू नये.

निवृत्त_लेखनिक

उशिरा आलो. ३४ वर्षं सरकारी लेखा शाखेत टेबलावर बसलोय, तेव्हा कपात प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो, कारण इथं सगळे "खर्च" हा एकच ढीग असल्यासारखं बोलताहेत.

वरून आदेश येतो, वीस टक्के कमी करा. आम्ही वही उघडतो. पगार, हात लावता येत नाही, संप होईल. पेन्शन, कोर्टात जातील. व्याज, ते तर पहिल्यांदा द्यायचं. केंद्राच्या एकूण खर्चात नुसतं व्याजच चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे. मग उरतं काय? पुलाचं काम, शाळेची खोली, औषध खरेदी, पाण्याची पाइपलाइन, दुरुस्ती. आणि शिलाईवाल्यांसारख्यांचं बिल. कारण पूल संप करत नाही. न झालेला दवाखाना कोर्टात जात नाही. तुम्ही म्हणता चरबी कापा, पण सुरी चालते ती मऊ जागेवर, आणि शरीरात चरबी नेमकी कुठं असते याचा मऊपणाशी काही संबंध नाही.

२०२० मध्ये मार्चचा पगार आम्हालाही दोन टप्प्यांत झाला होता. केंद्रानं जानेवारी २०२० पासून दीड वर्षाचा महागाई भत्ता गोठवला. त्रास झाला, नाही म्हणत नाही. पण चूल विझली नाही. शिलाईवाल्यांच्या कटिंग मास्तरची विझली. हे मी सरकारी माणूस म्हणून कबूल करतो.

आणि बिल थकवणं ही कपातही नाही. देणं तसंच राहतं, फक्त व्याज सरकारऐवजी लहान माणूस भरतो, तेही बँकेच्या चढ्या दरानं. सरकारला कर्ज सगळ्यात स्वस्त मिळतं आणि आम्ही ते काढायला लावतो १८ मशिनीवाल्याला. कागदावर मात्र तूट कमी दिसते.

शिलाईवाला

काका, हे प्रिंट काढून वर्कशॉपात लावणार.

निवृत्त_लेखनिक

नाव घालू नका. पेन्शन चालू आहे.

धोटा

@हिशोबनीस आता बोला.

हिशोबनीस

बोलतो. लेखनिक काकांचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी म्हणतो की कपात मंदीत करायची वेळच येऊ नये. चिलीचं उदाहरण बघा. तांब्यावर जगणारा देश, तांब्याचा भाव वर गेला की पैसाच पैसा. त्यांनी २००१ पासून नियम केला की भाव चढा असतानाचा जादा पैसा बाजूला टाकायचा. लोक चिडले. तिजोरीत पैसा असताना आम्हाला का देत नाही म्हणून मोर्चे निघाले. २००९ ला जग मंदीत गेलं, तेव्हा शेजारी कर्ज शोधत होते आणि चिलीनं स्वतःची साठवण काढून खर्च केला. सुगीत कणगी भरली तरच दुष्काळात दाणे.

आपण काय करतो? सुगीत कर्जमाफी, सवलती, उद्घाटनं. दुष्काळात काटकसर. उलटी गंगा. श्रीलंकेनं २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, वर कोविड, वर २०२१ मध्ये रासायनिक खतांवर बंदी. एप्रिल २०२२ ला विदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. त्यानंतरची कपात त्यांनी निवडलेली नाही, ती त्यांच्यावर येऊन आदळली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडं (अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणारी संस्था) जायच्या रांगेत उभं राहिल्यावर "मंदीत खर्च वाढवावा" हे वाक्य कुणी ऐकत नाही.

आष्टीकाठ

नाणेनिधीलाही नंतर कळलं म्हणा. १९९७ मध्ये थायलंडला आधी शिलकीचा अर्थसंकल्प करायला लावला, अर्थव्यवस्था कोसळायला लागल्यावर अट सैल केली. इंडोनेशियात मे १९९८ ला इंधनाचे दर एकदम वाढवले, दंगली पेटल्या आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता गेली. बाकी चिलीचं पटलं.

बंदा_रुपया

म्हणजे शेवटी सगळे माझ्याच मुद्द्यावर आले, की पैसा असेल तर खर्च करा.

सांगोल्याची_सून

नाही हो दादा. १९७२ ला कुठं कणगी भरलेली होती? पैसा उभा केला. रोजगार हमी पुढं कायम राहावी म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदारांच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना, हमीचा कायदा १९७७ चा. मंदीत एकीकडून काढून दुसरीकडं घालता येतं, नुसतं कापणं किंवा नुसतं उधळणं असे दोनच रस्ते नसतात. ज्याच्या हातात रुपया बसून राहतो त्याच्याकडून घ्यायचा, आणि संध्याकाळी पीठ-मीठ आणणाऱ्याला द्यायचा. तो रुपया चिनी मोबाईलला पण जात नाही, हिशोबनीस भाऊ. ज्वारीला जातो.

हिशोबनीस

हे मला सुचलं नव्हतं. गळती कमी ती गरिबाच्या खर्चात. मान्य.

कडक_भाकरी

हिशोबनीसांनी "मान्य" लिहिलं. तारीख नोंदवून ठेवा.

धोटा

आमच्या लूमला सरकारनं काही दिलं नाही तरी चालेल, वेळेत द्या एवढंच. मंदीत लांबचे मोठे रस्ते थांबवा, दिल्ली दरबार थांबवा, जाहिराती थांबवा. मजुरी, रेशन, दवाखाना आणि लहान माणसाचं बिल, याला हात लावू नका. असं लिहून द्या मेहुण्याला.

मिलचा_नातू

लांबचे रस्ते थांबवले की तिथलेही खडीवाले रिकामे होतात, धोटाशेठ. तुमची गल्ली तेवढी गल्ली?

धोटा

हं. हे खरंय. दरबार थांबवा मग.

शिलाईवाला

काल रात्री मेहुण्याला फोन लावला. सासूबाईंचं मुकादमाचं वाक्य वाचून दाखवलं, हसला. १८७७ चं वाचल्यावर म्हणाला, ते जुनं झालं. लेखनिक काकांचं वाचल्यावर गप्प. मग व्यवसाय कराचं सांगितलं, तर म्हणतो, मी असलं काही भरत नाही. म्हटलं पगाराची स्लिप काढ. काढली. महिन्याला २०० कापलेत. नऊ वर्षं नोकरी करतोय, कधी बघितलं नव्हतं म्हणे. सरकारी खर्च कापा म्हणणारा माणूस, आणि रोजगार हमीसाठी आणलेला कर दर महिन्याला भरतोय!

हरला नाही अजून. म्हणाला, "ठीक आहे दाजी, पण फेब्रुवारीत ३०० का कापलेत? हीच तुमच्या सरकारची लूट." याचं उत्तर कुणी देईल का, शनिवारी परत येतोय तो.

निवृत्त_लेखनिक

वर्षाची मर्यादा २५००. बाराने भाग जात नाही. अकरा महिने २००, एक महिना ३००.

कडक_भाकरी

शनिवारी येतोय म्हणजे परत हुरडा. या वेळी फोटो.